डाव्या अंगठ्याचा खेळ

आमच्या घरी एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. आमचे पूर्वज उत्तरेकडून हातमागाचं कसब घेऊन मालेगावात आले, तेव्हा ही सवयही सामानात बांधून आणली असावी. बी.एड.ला असताना मराठीच्या तासाला आम्ही उभं राहून म्हटलं, "बाई, आम्ही उद्या येणार नाही." बाईंनी विचारलं, "तुम्ही कितीजणी?" सगळा वर्ग हसला. पुढे उर्दू शाळेत नोकरी लागली, तिथे कुणाला या 'आम्ही'चं काही वाटलं नाही. मराठीत लिहिताना मात्र आम्ही प्रयत्नपूर्वक 'मी' लिहायला शिकलो. या लेखात तो प्रयत्न केलेला नाही. कारण ज्या वस्तूविषयी लिहायचं आहे ती खरोखरच दोघांनी मिळून धरली होती.

ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. मोहल्ल्यात त्याला 'रिमोट' म्हणत. त्याला वायर होती, ती यंत्रात खोचलेली असायची, म्हणजे तो कोणत्याच अर्थाने रिमोट नव्हता. पण नाव पडलं ते पडलं. तसंच खेळाच्या कार्ट्रिजला 'कॅसेट'.

भाईजान आमच्याहून सात वर्षांनी मोठे. नववीनंतर शाळा सुटली आणि ते पॉवरलूमवर लागले. मालेगावात लूमची सुट्टी शुक्रवारी. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, की भाईजान गायब. कुठे जातात हे सगळ्यांना माहीत होतं आणि अब्बांसमोर कुणी बोलत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गेमचं पार्लर होतं. पडदा लावलेली अंधारी खोली, आत चार-पाच उभी यंत्रं, रुपयाला एक कॉइन. मुलींनी तिकडे पाहायचंही नाही असा दंडक. त्यामुळे त्या खोलीची आमची सगळी माहिती भाईजानांच्या तोंडची.

त्यांचा खेळ 'मुस्तफा'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेल्या या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', पण ते आपल्याकडे कुणी घेतलं नाही. चार नायकांत एक पिवळी टोपी घातलेला मुस्तफा कैरो होता. तेवढ्यावरून सगळी पोरं त्या खेळाला मुस्तफाच म्हणत. परक्या मुलखातल्या खेळात मुस्तफा नावाचा माणूस, आणि तोही नायकांच्या बाजूचा, याचं पोरांना किती अप्रूप होतं ते सांगायला नको. रात्री दस्तरखान उचलला गेला की भाईजान हावनदस्ता पुढे ओढत आणि त्यातला दस्ता डाव्या मुठीत धरून आम्हाला दाखवत: "असा धरायचा. पुढे, मागे, वर, खाली. आणि उजव्या हाताला दोनच बटणं. एक मारायचं, एक उडी." अम्मी ओरडायच्या, "लसूण कोण कुटेल, तुझा मुस्तफा?"

१९९९ साली लूमच्या दातेरी चाकात भाईजानांच्या डाव्या हाताचा अंगठा गेला. रात्रपाळी होती. बुडाचं एक पेर तेवढं वाचलं. याहून जास्त त्या रात्रीविषयी घरात कधी बोललं गेलं नाही, तेव्हा इथेही लिहीत नाही. लूमवर ताण्याचा धागा सतत तुटतो आणि तो चिमटीत धरून गाठ मारावी लागते. अंगठा नाही तर चिमूट नाही, आणि चिमूट नाही तर काम नाही. शेठने दवाखान्यासाठी थोडे पैसे दिले. मलमपट्टीचा खर्च जाऊन जे उरले, त्यातून भाईजान एका संध्याकाळी ७०० रुपयांचा टीव्ही गेम घेऊन आले.

अम्मी रडल्या. अब्बा काहीच बोलले नाहीत. भाईजानांचं म्हणणं असं, की हाताला पट्टी बांधून पार्लरमध्ये उभं राहिलं की लोक खेळाऐवजी हाताकडे बघतात. घरी खेळलेलं बरं. आणि गुड्डीलाही खेळता येईल. गुड्डी म्हणजे आम्ही.

मगरिबनंतर खोकं उघडलं. राखाडी रंगाचं यंत्र, दोन रिमोट, एक बंदूक, आणि '९९९९९९९ इन वन' असं छापलेली कॅसेट, जिच्यात खरे खेळ मोजून आठ-दहा होते आणि बाकी सगळी त्यांचीच फिरून फिरून आलेली नावं. भाईजानांनी रिमोट हातात घेतला आणि तसेच बसून राहिले. डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हाचं एक बटण होतं, उजव्या बाजूला गोल बटणं. त्यांना वाटलं होतं की दांडा असेल, पार्लरसारखा, मुठीत धरायचा. इथे दांडा नव्हता. माणसाला चालवायचं, पळवायचं, वळवायचं सगळं काम त्या प्लसवर, आणि प्लस डाव्या अंगठ्याखाली.

त्यांनी रिमोट उलटा फिरवून पाहिला. प्लस उजव्या अंगठ्याखाली आला, पण डावं उजवं झालं, वर खाली झालं, आणि उडीचं बटण डावीकडे गेलं. मग जमिनीवर ठेवून डाव्या हाताच्या तर्जनीने दाबून पाहिलं. मारिओ चालला, पण दारू प्यायल्यासारखा. याचं कारण आम्हाला फार पुढे कळलं. त्या प्लसच्या पोटात मधोमध एक उंचवटा असतो आणि सगळा प्लस त्यावर तराजूच्या दांडीसारखा झुलतो. अंगठा न उचलता नुसता कलवला की डाव्याचं उजवं होतं. तर्जनी वरून येते, तिला एका टोकावरून उठून दुसऱ्या टोकावर आपटावं लागतं. एवढ्या वेळात मारिओ कासवाच्या अंगावर जाऊन मरतो.

तीन-चार वेळा मेल्यावर भाईजान म्हणाले, "गुड्डी, इधर बैठ." आम्ही त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. रिमोटचं डावं टोक आमच्या डाव्या हातात, उजवं टोक त्यांच्या उजव्या हातात. धावायची दिशा आमची, उडी त्यांची. तेव्हा आम्ही अकरा वर्षांच्या होतो.

हा प्लस कुठून आला ते सांगायला हवं. जपानमधल्या क्योटो शहरात निन्टेन्डो नावाची कंपनी १८८९ सालापासून हानाफुदा म्हणजे जपानी पत्ते बनवत होती. तिथे १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण यंत्रांची देखभाल करायला लागला आणि पुढे खेळणी बनवू लागला. १९८२ मध्ये 'डाँकी काँग' हा खेळ खिशात मावेल अशा, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या यंत्रात बसवायचा होता. दांडा असेल तर झाकण मिटणार कसं? म्हणून योकोईंनी दांडा काढून त्याच्या जागी चपटा प्लस बसवला. पुढच्याच वर्षी, १९८३ च्या जुलैत, कंपनीचं घरगुती यंत्र 'फॅमिकॉम' आलं. ते तयार करणारे मासायुकी उएमुरा यांच्यापुढेही दांड्याचा पर्याय होता. पण मुलं रिमोट जमिनीवर टाकणार, कुणीतरी त्यावर पाय देणार आणि दांडा मोडणार, ही धास्ती होती. प्लसवर पाय पडला तरी काही होत नाही. आमचा ७०० रुपयांचा गेम म्हणजे या फॅमिकॉमची नक्कल. तशा नकला त्या काळात आपल्याकडे गल्लोगल्ली विकल्या जात.

म्हणजे मुलांच्या पायांचा विचार झाला होता, झाकणाचा विचार झाला होता. भाईजानांच्या हाताचा विचार क्योटोत कुणी केला असता अशी अपेक्षा नाही. पण एक गोष्ट आम्ही कितीदा तरी मनात घोळवली आहे. त्याआधीच्या अटारी कंपनीच्या यंत्राला (ते १९७७ चं) काळ्या चौकोनी बैठकीवर उभा दांडा असे. बैठक डाव्या हातात, लाल बटण डाव्या अंगठ्याखाली, आणि दांडा उजव्या मुठीत. म्हणजे दिशा उजव्या हाताची होती. अवघ्या पाच-सहा वर्षांत ती डाव्या अंगठ्याकडे गेली आणि आजपर्यंत तिथेच आहे. जगातल्या बहुतेक माणसांचा उजवा हात चलाख, तरी खेळातलं सगळ्यात नाजूक काम डाव्याला दिलं गेलं. आमच्याकडे तर डावा हात म्हणजे जेवायला वर्ज्य, सलामाला वर्ज्य. त्या प्लसवर मात्र त्याची चलती होती.

जाणकार लोक फॅमिकॉमच्या आणि त्याच्या अमेरिकेत गेलेल्या भावंडाच्या, म्हणजे १९८५ च्या 'एनईएस'च्या रिमोटला नावं ठेवतात. ती रास्त आहेत. सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची सरळसोट वीट. चारही कोपरे टोकदार. तासभर खेळलं की तळव्यात रुतायचे. सुरुवातीच्या फॅमिकॉमची बटणं तर चौकोनी आणि रबरी होती, ती दबून अडकत, म्हणून नंतर गोल केली. आमच्या नकलेच्या प्लसच्या कडा तासलेल्या नव्हत्या. रात्री आमच्या अंगठ्यावर लाल प्लस उमटलेला असायचा. शाळेत बाजूच्या मुलीने विचारलं, हे काय, तर आम्ही सांगितलं, "गणित."

पण त्या विटेचा एक गुण कुणी लिहिलेला आम्ही वाचला नाही. तिची दोन्ही टोकं सारखी असतात. डावं टोक एकाने आणि उजवं टोक दुसऱ्याने धरलं, तर कुणाच्याच हाताला ती परकी वाटत नाही. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसली तर मध्ये नेमकी तेवढीच जागा असते.

सुरुवातीला आम्ही दोघं फार मेलो. मारिओमध्ये खड्डा येतो. धावत येऊन काठावर उडी मारायची. धावायचं बटणही उजवीकडे, म्हणजे भाईजानांकडे. आम्ही पुढे दाबून ठेवायचं, त्यांनी वेग द्यायचा, त्यांनीच उडी मारायची, आणि हवेत असताना आम्ही दिशा सोडायची नाही. आम्ही घाबरून सोडायचो. मारिओ सरळ खड्ड्यात. "तू थांबलीस." "आम्ही नाही थांबलो, तुम्ही उशिरा कूदले." हे भांडण रोज. मग हळूहळू बोलणं कमी झालं. त्यांचा खांदा किंचित वर झाला की उडी येणार हे आम्हाला कळायचं. आमचं कोपर ताठ झालं की आम्ही वळणार हे त्यांना. 'काँट्रा'मध्ये तीस जीव मिळवायची एक किल्ली असते: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी, ए. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी कारागिराने ती १९८६ मध्ये दुसऱ्याच एका खेळासाठी ठेवली होती. त्यातल्या पहिल्या आठ कळा आमच्या, शेवटच्या दोन भाईजानांच्या. आठवी कळ दाबून आमचा अंगठा उचलला की त्यांचा पडायचा. मोहल्ल्यातली दोन हातांची पोरंही इतकी सफाईने ती लावत नसत.

बंदुकीचं थोडक्यात सांगतो. तिला डावा अंगठा लागत नाही, म्हणून आम्हाला वाटलं भाईजानांचा खरा खेळ हाच. बदकं उडायची, ते एका हाताने पाडायचे, नेम पक्का होता. चार दिवसांत कंटाळले. म्हणाले, "इसमें चलना नहीं है." पुढे जायला नसेल तर तो कसला खेळ!

लूम सुटल्यावर भाईजान टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात बसू लागले. उजव्या हातात डागणी, डाव्या हाताच्या चार बोटांनी पट्टी दाबून धरायची. चिमटीचं काम त्यांनी तर्जनी आणि मधल्या बोटात घेतलं. सुट्ट्यांच्या दिवसांत टीव्हीपेक्षा रिमोटच जास्त यायचे. आम्ही डबा घेऊन जायचो तेव्हा उघडे पडलेले दिसत. आत विशेष काही नसतं: एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या डांबराच्या थेंबाखाली लपवलेली चिप, आणि बटणांखाली रबराची चादर. प्रत्येक बटणाच्या जागी रबराला खालून कार्बनची काळी टिकली असते. ती पट्टीवरच्या दोन तारांना टेकली की बटण दाबलं गेलं. टिकली झिजते आणि मग पोरं बटण जोरजोराने दाबू लागतात, त्याने ती आणखी झिजते. त्यावर भाईजानांचा उपाय म्हणजे पट्टी खोडरबराने पुसायची आणि टिकलीवर पेन्सिल घासायची. शिशाच्या नावाने आपण जे लिहितो ते ग्रॅफाइट, त्यातून वीज जाते. आमच्या दप्तरातल्या पेन्सिली याच कामी जात असत. स्वस्त नकलांत प्लसच्या पोटातला तो उंचवटा महिन्याभरात झिजतो. मग प्लस सगळाच खाली बसतो, डावं-उजवं एकदम दाबलं जातं आणि मारिओ जागच्या जागी थरथरतो. असा रिमोट आला की भाईजान गिऱ्हाइकाला सरळ सांगत, नवा घ्या.

या बाकड्यावर आम्ही निरनिराळ्या कंपन्यांचे रिमोट पाहिले. भाईजानांचं मोजमाप एकच. नवा रिमोट हातात घेऊन ते म्हणायचे, "देखें, कितना अंगूठा माँगता है." जुन्या अटारीची एक नक्कल आली होती. तिला त्यांनी शंभर गुण दिले, कारण तिचं बटण डाव्या तर्जनीनेही दाबता येई. पण दांडा इतका कडक की पंधरा मिनिटांत मनगट भरून येई. सेगाच्या मेगा ड्राइव्हचा रिमोट (१९८८) आंब्याच्या फोडीसारखा वळलेला, तळव्यात छान बसणारा, बटणं तीन. हाताला सुख, पण दिशा पुन्हा डाव्या अंगठ्याचीच. निन्टेन्डोने १९९० मध्ये विटेचे कोपरे गोल केले, चार बटणं चौफुलीसारखी मांडली आणि वरच्या कडेला डावी-उजवीकडे एकेक कळ दिली. तोपर्यंत रिमोटखाली नुसत्या आधाराला असलेल्या तर्जन्यांना पहिल्यांदा काम मिळालं. भाईजान ती कळ कितीतरी वेळ टकटक करत बसले होते. "ये उँगली तो है अपने पास," म्हणाले.

२००१ साली ते पार्लर बंद झालं. मोडीत निघालेल्या यंत्रातला एक दांडा भाईजानांनी उचलून आणला. पार्लरच्या दांड्याच्या तळाशी चार दिशांना चार छोटे स्विच असतात. दांडा ज्या बाजूला कलेल त्या बाजूचा स्विच दाबला जातो. रिमोटच्या प्लसखाली तरी दुसरं काय असतं? चार जागा. त्यांनी रिमोटच्या पट्टीवर चार तारा आणि एक सामाईक तार डागली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून दांडा वर काढला, उजवीकडे दोन बटणं बसवली. एका शुक्रवारी डबा मांडीवर घेऊन ते खेळायला बसले. डाव्या मुठीत दांडा. पहिल्याच डावात चौथ्या जगापर्यंत गेले. अम्मी मागे उभ्या राहून बघत होत्या. आम्ही आमच्या नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला बसलो होतो.

आनंद झाला होता, हे खोटं नाही. पण हातांचं काय करायचं ते कळेना. थोड्या वेळाने भाईजान म्हणाले, "अब तू खेल, अकेली. पूरा रिमोट तेरा." आम्ही दुसरा रिमोट दोन्ही हातांत धरला आणि पहिल्या खड्ड्यापर्यंत झकास पळत गेलो. तिथे उडी मारायची होती. उडी आम्ही कधी मारलीच नव्हती. दोन वर्षं उडी ही आमच्या उजवीकडून येणारी गोष्ट होती. अंगठा बटणावर होता आणि तो दाबायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. पोरं हसली, भाईजान हसले, आम्हीही हसलो. मग पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत गेलो.

उडी शिकायला दोन-तीन आठवडे लागले. दहावीचं वर्ष आलं तेव्हा खेळ सुटला.

नंतरचे रिमोट आम्ही खेळाडू म्हणून नव्हे, भाईजानांच्या दुकानात डोकावणारी बहीण म्हणून पाहिले. सोनीच्या प्लेस्टेशनचा रिमोट (१९९४) तेयु गोतो यांनी घडवला. त्याला दोन मुठी काढल्या आणि बटणांवर अक्षरांऐवजी आकृत्या घातल्या: त्रिकोण म्हणजे नजर, चौकोन म्हणजे कागद, गोल म्हणजे होय, फुली म्हणजे नाही. गोतोंनीच हे सांगितलेलं आहे. मास्तरीण म्हणून आम्हाला यातली शेवटची जोडी फार आवडली. जपानात शिक्षक बरोबर उत्तराला गोल करतात. आमच्या शाळेत गोल पडला की समजावं, चुकलं आहे. पाश्चात्त्य देशांतही ही जोडी उलटी झाली. तिथल्या खेळांत फुली म्हणजे होय. अखेर २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानातही फुलीच होय झाली. तिथल्या मुलांचा किती गोंधळ उडाला असेल!

आरामाचं म्हणाल तर प्लेस्टेशनचा रिमोट निर्विवाद उत्तम. मुठी तळव्यात भरतात, बोटं आपसूक जागेवर जातात. १९९७ मध्ये त्यालाच 'ड्युअलशॉक' करून दोन ठेंगणे दांडे दिले. भूछत्रासारखे वर आलेले हे दांडे भाईजानांना लाभले. चपट्या प्लसपर्यंत न पोचणारं ते उरलेलं पेर या दांड्याच्या डोक्यावर टेकतं. विकत घेतलेल्या वस्तूवर ते एकट्याने, काही न डागता खेळले, ते या रिमोटवर. पण एकदा आम्ही गमतीने त्याचं डावं टोक धरून पाहिलं. जमलं नाही. मूठ आत वळलेली असते. ती एकाच माणसाच्या दोन तळव्यांचं माप घेऊन केलेली. शेजारी बसलेल्या माणसाचं मनगट तिथे मुरगळतं. रिमोट जितका एका माणसाच्या हाताला सुखाचा होत गेला, तितकी त्यावर दुसऱ्याच्या हाताला जागा उरली नाही. यात तक्रार नाही. दोघांनी मिळून धरावा म्हणून तो कुणी बनवलाच नव्हता; आमची ती विटेतली सोय अपघाताची होती.

निन्टेन्डोचा १९९६ चा तीन शिंगांचा रिमोट मालेगावात आला नाही. त्याच्या मधल्या दांड्याची गोष्ट मात्र वाचली आहे. एका खेळात तो दांडा गरगर फिरवायचा असे. मुलं अंगठ्याऐवजी तळव्याने फिरवत आणि तळवे सोलून निघत. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकिलांनी लक्ष घातलं, तेव्हा २००० साली कंपनीने हातमोजे द्यायचं कबूल केलं. आम्ही हे भाईजानांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दस्ताने?" आणि डागणी उचलली.

त्याच कंपनीने १९८९ मध्ये हात न चालणाऱ्या मुलांसाठी छातीवर बांधायचा रिमोट काढला होता, हेही आम्हाला उशिराच कळलं. हनुवटीने दांडा हलवायचा, नळीत फुंकलं की एक बटण, ओढलं की दुसरं. आणि २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक चपटा, पांढरा रिमोट आला. त्यावर दोन मोठी बटणं, आणि मागच्या बाजूला भोकांची रांग. ज्याला जे हलवता येतं त्याने ते त्यात जोडावं, दांडा म्हणा, पायाचं बटण म्हणा. मोबाइलवर त्याचं चित्र दाखवलं तेव्हा भाईजानांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे तर बिस्किटाच्या डब्यात होतं," म्हणाले. किंमत विचारली, ऐकली आणि हसले.

आता त्यांचं स्वतःचं दुकान आहे, मोबाइल दुरुस्तीचं. अंगठ्याचं स्मरण अधूनमधून सरकारी कागद करून देतात. खरेदीखतावर डाव्या अंगठ्याचा ठसा मागतात, मग शेजारी खुलासा लिहावा लागतो. जुना जाड टीव्ही त्यांनी एका कोपऱ्यात ठेवला आहे, त्याच्याखाली तो डबा आणि मूळचा राखाडी गेम. मागच्या उन्हाळ्यात आम्ही माहेरी गेलो असताना भाच्याने विचारलं, "फूफी, तुम्ही दोघं एका रिमोटने कसे खेळायचे? अब्बू नीट सांगतच नाहीत."

भाईजानांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. यंत्र तीन वेळा बंद-चालू केल्यावर चित्र आलं. रिमोटचा प्लास्टिक पिवळा पडला आहे. प्लस अजून झुलतो, म्हणजे कधीतरी त्यांनी आतला भाग बदलला असणार. आम्ही डाव्या बाजूच्या स्टुलावर बसलो. आता दोघांचेही खांदे रुंद झाले आहेत, वीट मध्ये मावेना; थोडं तिरपं बसावं लागलं. आम्ही पुढे दाबलं, त्यांनी वेग दिला. कासव गेलं, नळ गेले. खड्डा आला. मारिओ काठावर पोचला, हवेत उठला आणि सरळ आत गेला.

"तू थांबलीस," भाईजान म्हणाले.

"आम्ही नाही थांबलो. तुम्ही उशिरा कूदले."

भाचा एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिला. भाईजानांनी स्टार्ट दाबलं.